विमा शेतकऱ्याचा की मंडळाचा? दांडेकरांचा लेख सेनगावातून वाचताना

मराठवाड्यातल्या विद्यापीठांत संशोधनासाठी पीकविमा हा विषय घेणारे विद्यार्थी बरेच असतात. आराखडा साधारण एकाच साच्याचा असतो. आधी योजनांची जंत्री, मग दोन तालुके, शंभर-दीडशे शेतकऱ्यांची प्रश्नावली आणि शेवटी किती टक्के शेतकरी समाधानी आहेत याचा तक्ता. निष्कर्षही आधीच ठाऊक असतो: जागृती कमी आहे, भरपाई उशिरा मिळते, शासनानं लक्ष द्यावं. यातलं काहीही खोटं नाही. पण हे सांगायला पीएच.डी. लागत नाही, सेनगावच्या तहसीलसमोरच्या चहाच्या टपरीवर ते फुकट ऐकायला मिळतं.

तुमचं काम या साच्याच्या पलीकडे न्यायचं असेल, तर योजनेचं परिपत्रक उघडण्याआधी एक जुना लेख वाचा. वि. म. दांडेकर यांनी 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'मध्ये जून १९७६ मध्ये भारतातल्या पीकविम्यावर लिहिलेला. आज हिंगोली जिल्ह्यातल्या शेतकऱ्याच्या खात्यात विम्याचे पैसे येतात किंवा येत नाहीत, त्यामागचा हिशोब मुळात या लेखातल्या विचारावर उभा आहे. लेख मोठा आहे, तर्क पक्का आहे, आणि माझ्या मते त्यात एक अशी फट आहे जिची किंमत गेली चाळीस-पंचेचाळीस वर्षं शेतकरी मोजतोय. ती फट कुठं आहे ते आज बघू.

लेख कशाला उत्तर देत होता

कुठलाही अभिजात लेख वाचताना पहिला प्रश्न हाच विचारा: लेखक कुणाशी भांडतोय?

पीकविम्याची कल्पना आपल्याकडे नवी नव्हती. म्हैसूर संस्थानातल्या जे. एस. चक्रवर्ती यांनी १९२० मध्ये पावसाच्या आकड्यांवर आधारलेल्या शेतीविम्याची योजना पुस्तकरूपानं मांडली होती. पण स्वातंत्र्यानंतर सरकार या प्रश्नाभोवती घुटमळत राहिलं. १९७० मध्ये धर्म नारायण यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समिती नेमली गेली आणि तिनं नजीकच्या काळात पीकविमा आणणं योग्य नाही असा कौल दिला. दुसरीकडे १९७२-७३ मध्ये गुजरातेत एच-४ कापसावर एक प्रयोग सुरू झाला. पुढे त्यात आणखी काही राज्यं आणि पिकं आली, महाराष्ट्रही आला. हा प्रयोग एकेका शेतकऱ्याचा विमा उतरवणारा होता. ज्याचं नुकसान त्यालाच भरपाई, असा सरळ हिशोब. १९७८-७९ पर्यंत एकूण ३,११० शेतकरी त्यात आले, हप्ता जमला ४ लाख ५४ हजार रुपये आणि भरपाई द्यावी लागली ३७ लाख ८८ हजार. आठपटीपेक्षा जास्त. अशी योजना देशभर चालवणं कुणाच्याच आवाक्यातलं नव्हतं.

तेव्हा दांडेकरांसमोर दोन बाजू होत्या. एक म्हणत होती पीकविमा होऊच शकत नाही. दुसरी तो करत होती, पण बुडत होती. दांडेकर म्हणाले, विमा होऊ शकतो, पण माणसाचा नाही, क्षेत्राचा.

मांडणी थोडक्यात

एकेका शेतकऱ्याचा विमा का जमत नाही, याची कारणं त्यांच्या मांडणीतून अशी निघतात. पहिलं, प्रत्येक शेताचं मागच्या कित्येक वर्षांचं उत्पादन कुठंही नोंदलेलं नाही, मग नेहमीचं पीक किती आणि नुकसान किती हे ठरवणार कसं? दुसरं, विमा उतरवल्यावर माणूस खुरपणी-फवारणीत ढिलाई करू शकतो. अर्थशास्त्रात याला मॉरल हॅझर्ड म्हणतात. तिसरं, ज्याचं रान पडीक किंवा पाणथळ, तोच विमा घ्यायला आधी येतो आणि चांगल्या जमिनीवाला येत नाही. ही प्रतिकूल निवड. आणि चौथं, एक-दोन एकरांच्या लाखो तुकड्यांवर जाऊन नुकसान मोजायचा खर्चच हप्त्यापेक्षा जास्त.

यावर उपाय म्हणून त्यांनी अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ हॅरॉल्ड हॅलक्रो यांनी १९४० च्या दशकात मांडलेली कल्पना उचलली. एक क्षेत्र घ्या, ज्यात पिकाची परिस्थिती सारखी आहे. त्या क्षेत्राचं सरासरी उत्पादन काढा. ते ठरलेल्या पातळीखाली गेलं तर क्षेत्रातल्या सगळ्या विमाधारकांना एकाच दरानं भरपाई द्या. नाही गेलं तर कुणालाच नाही. कुणाच्या शेतात जायची गरज नाही. ढिलाई केलेल्याला फायदा नाही, कारण त्याच्या एकट्याच्या ढिलाईनं सरासरी हलत नाही. उलट ज्यानं मेहनत करून जास्त पिकवलं त्याला सरासरी घसरल्यावर भरपाईही मिळते आणि पीकही.

कागदावर हे फार सुंदर आहे. १९७९ मध्ये याच आधारावर प्रायोगिक योजना सुरू झाली. १९८४-८५ पर्यंत १३ राज्यांतले ६ लाख २७ हजार शेतकरी त्यात आले, हप्ता १ कोटी ९७ लाखांच्या आसपास आणि भरपाई १ कोटी ५७ लाखांच्या आसपास. कापसाच्या प्रयोगाशी तुलना करा. योजना पहिल्यांदाच तोट्याशिवाय चालली. त्यानंतरच्या सगळ्या मोठ्या योजना, म्हणजे १९८५ ची सर्वंकष पीकविमा योजना, १९९९ ची राष्ट्रीय कृषी विमा योजना आणि २०१६ ची प्रधानमंत्री पीकविमा योजना, मुळात याच पायावर उभ्या राहिल्या.

आता हिशोब सेनगावात करू

सिद्धान्त तपासायचा तर तो एखाद्या जागी नेऊन लावावा लागतो. सेनगाव हा हिंगोली जिल्ह्यातला बहुतांश जिरायती तालुका. खरिपात सोयाबीन, कापूस, तूर, काही भागात हळद. कयाधू या तालुक्यातून पुढे हिंगोली, कळमनुरीकडे जाते. तिच्या काठची काळी जमीन वेगळी, वरचं माळरान वेगळं. विम्यासाठी इथं क्षेत्र म्हणजे महसूल मंडळ: गोरेगाव, आजेगाव, साखरा, पानकनेरगाव ही त्यातली काही नावं. एका मंडळात कितीतरी गावं येतात. प्रत्येक मंडळात एका पिकाचे दहा-बारा पीक कापणी प्रयोग होतात, म्हणजे निवडलेल्या शेतात ठरलेल्या मापाचा तुकडा आखून तेवढंच पीक कापायचं, मळायचं आणि वजन करायचं. त्या वजनांच्या सरासरीवर मंडळातल्या हजारो शेतकऱ्यांचा निकाल लागतो.

सूत्र सोपं आहे. मागच्या सात वर्षांतली चांगली पाच वर्षं घेऊन त्यांची सरासरी काढायची आणि तिला जोखीमस्तरानं गुणायचं. महाराष्ट्रात हा स्तर ७० टक्के धरला जातो. आलेला आकडा म्हणजे उंबरठा उत्पादन. यंदाचं सरासरी उत्पादन त्यापेक्षा जेवढ्या टक्क्यांनी कमी, विमा संरक्षित रकमेच्या तेवढे टक्के भरपाई.

पुढचे आकडे फक्त समजण्यासाठी धरलेले आहेत. समजा, मंडळाची पाच वर्षांची सरासरी हेक्टरी १५ क्विंटल. उंबरठा झाला १०.५ क्विंटल. विमा संरक्षित रक्कम हेक्टरी ५०,०००.

पहिल्या वर्षी कयाधूला पूर आला. काठच्या शेतात पाणी आठवडाभर थांबलं आणि हेक्टरी २ क्विंटल निघाले. माळावर मात्र पाणी निचरून गेलं, पीक बरं आलं. मंडळाची सरासरी आली ११ क्विंटल. भरपाई शून्य. काठच्या शेतकऱ्यालाही शून्य.

दुसऱ्या वर्षी पावसानं दडी मारली आणि मंडळाची सरासरी ८.४ वर आली. उंबरठ्यापेक्षा २० टक्के कमी, म्हणजे सगळ्यांना हेक्टरी १०,०००. विहिरीवर दोन पाणी देऊन १४ क्विंटल काढणाऱ्यालाही १०,००० आणि ज्याचं २ क्विंटलवर आटोपलं त्यालाही १०,०००. या दुसऱ्याचं नुकसान स्वतंत्रपणे याच सूत्रानं मोजलं असतं तर आकडा ४०,००० च्या वर गेला असता.

शेताचं नुकसान आणि मंडळाचं नुकसान यांतल्या या अंतराला संशोधनात बेसिस रिस्क म्हणतात. हा शब्द नीट समजून घ्या, कारण पीकविम्यावरच्या अर्ध्याअधिक वादांचं मूळ त्यात आहे. सेनगावात आंदोलनात ऐकू येणारं 'आमच्या मंडळाला वगळलं' हे वाक्य म्हणजे याच बेसिस रिस्कचं मराठी भाषांतर आहे.

दांडेकर कुठं बरोबर होते

टीका करायची म्हणजे लेखकाला खोटं पाडायचं, असं नव्हे. वैयक्तिक विम्याबद्दलचे त्यांचे आक्षेप आजही टिकतात. शिवाय दुष्काळासारख्या संकटात, जिथं सगळ्या शिवाराचं एकदम नुकसान होतं, क्षेत्राची सरासरी आणि शेताचं वास्तव बरंच जवळ असतं. त्या संकटासाठी त्यांची पद्धत स्वस्त आहे आणि तुलनेनं न्याय्यही.

त्यांच्या पद्धतीच्या नावावर जमा झालेलं सगळं अपयशही त्यांचं नाही. १९८५ च्या योजनेत धान्यपिकांना २ टक्के आणि कडधान्य-तेलबियांना १ टक्का असा सरसकट हप्ता ठेवला गेला. जोखमीशी त्याचा संबंध नव्हता. १९९९ पर्यंत जमलेला हप्ता ४०३ कोटींच्या आसपास आणि दिलेली भरपाई २,३०० कोटींच्या वर. ही दरांची राजकीय निवड होती, क्षेत्र पद्धतीचा दोष नव्हता. धोरणावर लिहिताना कल्पना आणि तिची अंमलबजावणी यांचे दोष वेगळे करायला शिका. आपल्याकडच्या प्रबंधांत हे क्वचितच दिसतं.

फट कुठं आहे

पहिली गोष्ट 'एकजिनसी क्षेत्र' या अटीची. सगळा तर्क त्यावर टांगलेला आहे. क्षेत्रात पिकाची परिस्थिती सारखी असेल तरच सरासरी शेतकऱ्याचं प्रतिनिधित्व करते. पण व्यवहारात विम्याचं क्षेत्र मातीनं, उतारानं किंवा नदीनं आखलं जात नाही. ते महसूल खात्याच्या सोयीनं आखलं जातं. मंडळाची हद्द पीक पाहून काढलेली नाही, कारभार पाहून काढलेली आहे. कयाधूचा काठ आणि माळ एकाच मंडळात येतात, कारण ते एकाच मंडळ अधिकाऱ्याकडे येतात. दांडेकरांची सांख्यिकीय अट प्रशासकीय नकाशानं भागवली गेली, आणि ती भागते की नाही हे तपासायची सक्ती कुणावरच राहिली नाही. लेखात एकजिनसीपणा ही गृहीत धरायची बाब होती. ती मोजायची, आणि भागत नसेल तर क्षेत्र बदलायची बाब असायला हवी होती.

दुसरी गोष्ट जास्त खोल आहे. क्षेत्र पद्धतीत विमा उतरतो मंडळाचा, पण पावती फाटते शेतकऱ्याच्या नावानं. त्याचा सात-बारा, त्याचा गट नंबर, त्याचं आधार, त्याच्या पिकाचं नाव. या कागदावरून कुणालाही वाटेल की माझ्या शेताचा विमा आहे. प्रत्यक्षात त्यानं मंडळाच्या सरासरीवर एक प्रकारची पैज लावलेली असते. दांडेकरांनी विम्यातून माणूस काढला, पण 'विमा' हा शब्द ठेवला, आणि त्या शब्दाबरोबर माणसाच्या मनातलं वचनही तसंच राहिलं. मोटारसायकलीचा विमा उतरवला आणि गाडी चोरीला गेली, तर 'तालुक्यात यंदा चोऱ्या सरासरीपेक्षा कमी झाल्या' असं उत्तर कुणी ऐकून घेणार नाही. पीकविम्यात नेमकं हेच उत्तर कायदेशीर आहे. शेतकऱ्याला फसवलं गेल्यासारखं वाटतं यात त्याचं अज्ञान नाही. म्हणून 'जागृतीचा अभाव' हा तुमच्या आराखड्यातला लाडका निष्कर्ष पुन्हा तपासा. योजना समजलेला शेतकरीसुद्धा असमाधानी असू शकतो, कारण त्याला जे हवंय ते योजना विकतच नाही.

तिसरी गोष्ट कर्जाशी घातलेल्या गाठीची. सुरुवातीच्या योजना पीककर्ज घेणाऱ्यांपुरत्या होत्या आणि पुढे २०२० पर्यंत कर्जदाराला विमा सक्तीचा राहिला. यामुळे चांगल्या-वाईट जमिनीचे सगळे एकत्र आले, प्रतिकूल निवड टळली, हे खरं. पण त्यामुळे विम्याचं पहिलं काम बँकेचं कर्ज सुरक्षित करणं झालं. आणि सात-बारा ज्याच्या नावावर नाही तो चित्रातच राहिला नाही. ठोक्यानं, बटईनं रान करणारा कसतो एक आणि विमा निघतो दुसऱ्याच्या नावानं. शेतमजूर बाईची सोयाबीन कापणीची मजुरी बुडाली तर ती कुठल्याच सूत्रात बसत नाही. शेतीच्या जोखमीबद्दल लिहिताना ती जोखीम नेमकं कोण झेलतं आणि विमा नेमकं कुणाचं नाव ओळखतो, या दोन याद्या शेजारी-शेजारी मांडून बघा.

मग ठिगळं लागत गेली

फट दिसत नव्हती असं नाही. २०१६ च्या योजनेत क्षेत्राच्या सरासरीशिवाय आणखी काही संरक्षणं जोडली गेली. गारपीट, पुराचं पाणी साचणं अशा स्थानिक आपत्तीसाठी वैयक्तिक पंचनामा. कापून पसरवलेल्या पिकाचं १४ दिवसांत अवकाळी पावसानं नुकसान झालं तर त्याची भरपाई. हंगामाच्या मध्येच उत्पादन निम्म्याखाली जाईल असं दिसलं तर २५ टक्के आगाऊ रक्कम.

म्हणजे दांडेकरांनी पुढच्या दारानं बाहेर काढलेला वैयक्तिक विमा मागच्या दारानं परत आला. पण त्यांचे आक्षेप आले तसेच उभे होते. एका रात्रीत पडलेल्या पावसाच्या सूचना ७२ तासांत द्यायच्या: अॅपवर, टोल-फ्री क्रमांकावर. ज्या रात्री पूर येतो त्या रात्री लाईटही जाते आणि रेंजही. मग कंपनीच्या माणसानं हजारो शेतांवर जाऊन पंचनामे करायचे. हा तोच खर्च, जो परवडत नाही असं १९७६ मध्येच सांगितलं होतं. २०२३ च्या ऑगस्टमध्ये मराठवाड्यात पावसाचा मोठा खंड पडला, जिल्हाधिकाऱ्यांनी आगाऊ २५ टक्क्यांच्या अधिसूचना काढल्या, आणि विमा कंपन्यांनी ठिकठिकाणी त्यावर हरकती घेतल्या. मोजायचं कुणी आणि मोजणी मान्य कुणाची, हा प्रश्न सुटलेला नव्हता.

त्याच खरिपात महाराष्ट्रात एक रुपयात पीकविमा सुरू झाला होता. शेतकऱ्याच्या वाट्याचा उरलेला हप्ता राज्यानं भरायचा. अर्जांची संख्या १ कोटी ७० लाखांच्या आसपास गेली. हेतू चांगला होता, पण परिणाम बघा. हप्ता जवळपास शून्य झाला की खोटा अर्ज भरायचा खर्चही शून्य होतो. दुसऱ्याची जमीन, सरकारी जमीन, देवस्थानाची जमीन, न पेरलेलं पीक, सगळ्यावर विमे निघाले. बोगस अर्जांचा आकडा लाखांत गेला. एप्रिल २०२५ मध्ये मंत्रिमंडळानं एक रुपयाची योजना बंद केली. खरिपाला २, रब्बीला १.५ आणि नगदी पिकांना ५ टक्के हप्ता परत आला, आणि भरपाई फक्त पीक कापणी प्रयोगावर आली. वर सांगितलेली जादा संरक्षणं काढून टाकली गेली.

म्हणजे जवळपास पन्नास वर्षांनी महाराष्ट्र शुद्ध दांडेकर पद्धतीवर परतला. आणि त्याच वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मराठवाड्यात अतिवृष्टी झाली. काठच्या जमिनी खरवडून गेल्या. ज्या संकटात शेत आणि मंडळ यांतलं अंतर सगळ्यात मोठं असतं, तेच संकट नेमकं स्थानिक संरक्षण काढल्याबरोबर आलं.

तीन फुटपट्ट्या

त्या वेळी मदतीला कोण आलं? ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्यानं ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. जिरायती जमिनीला हेक्टरी १८,५०० रुपयांची मदत सांगितली गेली, तीन हेक्टरांच्या मर्यादेत. ही मदत कशावर ठरते? तलाठी, कृषी सहाय्यक आणि ग्रामसेवक यांच्या पंचनाम्यावर. ३३ टक्क्यांपेक्षा जास्त नुकसान असेल तर ते शेत पात्र.

आता तीन गोष्टी शेजारी ठेवा. सरकारी मदतीसाठी नुकसान मोजलं जातं शेताचं. टंचाईच्या सवलतींसाठी, म्हणजे महसुलात सूट, वीजबिलात सवलत, परीक्षा शुल्क माफी वगैरेंसाठी, पैसेवारी ठरते गावाची. जुन्या लोकांच्या तोंडी अजून आणेवारीच आहे. ५० पैशांच्या आत आली की गाव टंचाईत. आणि विम्यासाठी सरासरी निघते मंडळाची. एकच शेतकरी, एकच हंगाम, तीन फुटपट्ट्या. त्याचं शेत पंचनाम्यात बाधित असू शकतं, त्याचं गाव ५० पैशांच्या आत असू शकतं आणि तरी त्याची विमा भरपाई शून्य असू शकते. तिन्ही निर्णय आपापल्या नियमांनुसार बरोबर.

माझ्या वाचनात दांडेकरांच्या लेखाची मर्यादा इथं सगळ्यात स्पष्ट दिसते. त्यांनी एककाचा प्रश्न तांत्रिक मानला: कुठल्या एककावर मोजणं शक्य आहे? पण एकक निवडणं म्हणजे कुणाचं नुकसान 'नुकसान' मानायचं हे ठरवणं. तो समाजकल्याणाचा प्रश्न आहे.

आणि विम्याच्या इतिहासात हा प्रश्न नवा नाही. जर्मनीत बिस्मार्कच्या काळात १८८३ मध्ये आजारपणाचा आणि १८८४ मध्ये अपघाताचा सक्तीचा विमा आला, तेव्हा कामगाराचं दुखणं त्याचं वैयक्तिक नशीब न राहता सामूहिक हिशोबाची बाब झाली. आपल्याकडे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४७ मध्ये संविधान सभेसाठी लिहिलेल्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात विमा हा राज्याचा एकाधिकार असावा आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाला त्याच्या मिळकतीच्या प्रमाणात आयुर्विमा सक्तीचा असावा, असं सुचवलं होतं. त्यांच्या मांडणीत एकक सरळ होतं: माणूस. १९५६ मध्ये २४५ विमा संस्था एकत्र करून आयुर्विमा महामंडळ उभं राहिलं, पण विमा हा नागरिकत्वाचा भाग मात्र झाला नाही.

आणखी एक जवळचं उदाहरण घ्या. गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं शेतकरी अपघात विमा योजना होती. दावे अडकतात, कंपनी कागद मागत राहते, अशा तक्रारी वाढल्या. २०२३ मध्ये राज्यानं त्यातून कंपनीच काढली आणि सानुग्रह अनुदान ठेवलं. अपघाती मृत्यूला दोन लाख, शासनाकडून. विम्यातून विमा काढून टाकल्यावर जे उरलं ते सरळ कल्याण. पीकविम्यातही कधी तरी कुणी हा प्रश्न विचारणारच. त्याचं उत्तर सोपं नाही. सरकारी मदतीची रक्कम छोटी असते, मर्यादा असते, आणि ती जाहीर होणं राजकीय ऋतूवर अवलंबून असतं. विम्याचं एक मोल आहे: सूत्र बसलं की भरपाई मागण्याचा हक्क असतो, मेहेरबानी नसते. म्हणून 'विमा बंद करा, मदत द्या' हा निष्कर्ष मी तुम्हाला सुचवत नाही. कुठल्या जोखमीला कुठलं एकक आणि कुणाचा पैसा, हे वेगवेगळं मांडता आलं पाहिजे, एवढंच.

हे सगळं कोरडं वाटत असेल तर सेनगावकडे परत बघा. २०१९ मध्ये या तालुक्यातल्या ताकतोडा गावानं गावच विक्रीला काढलं होतं. नोव्हेंबर २०२३ मध्ये गोरेगाव भागातल्या शेतकऱ्यांनी कर्ज फेडण्यासाठी स्वतःचे अवयव विकायची तयारी शासनाला कळवली. त्या खरिपात पावसाचा खंडही होता आणि सोयाबीनवर येलो मोझॅकही. मंडळाच्या सरासरीत ही माणसं कुठं बसतात हे सांगणारा एकही रकाना पीकविम्याच्या अहवालात नसतो.

तुमच्या आराखड्यासाठी

या वाचनातून काही करण्याजोगं निघतं का? निघतं. जमेल तेवढं सांगतो.

समाधानाची प्रश्नावली बाजूला ठेवा आणि बेसिस रिस्क मोजा. एक मंडळ घ्या. तिथल्या चाळीस-पन्नास शेतकऱ्यांकडून गेल्या तीन हंगामांचं उत्पादन विचारा. आडतीच्या पट्ट्या, गोदामाच्या पावत्या, मळणीयंत्रवाल्याची वही यांच्याशी ते ताडून बघा. मग मंडळाच्या जाहीर सरासरीशी अंतर काढा. नमुना छोटा असला तरी हा आकडा तुमचा स्वतःचा असेल.

त्याच शेतकऱ्यांसाठी तिन्ही फुटपट्ट्यांचा तक्ता करा: पंचनामा, पैसेवारी, विमा. किती जण एकात बसतात आणि दुसऱ्यात नाही? पंचनाम्याच्या याद्या आणि पैसेवारी तहसीलमध्ये असतात, पीक कापणीचे निकाल कृषी विभागाकडे. माहिती अधिकाराचा अर्ज लवकर टाका, कारण उत्तर येईपर्यंत तुमचा पहिला प्रगती अहवाल आलेला असतो.

नमुना निवडताना यादी विमाधारकांची घेऊ नका. ती घेतली की ठोक्यानं करणारे आणि मजूर आपोआप गळतात, आणि योजनेची चूक तुमच्या पद्धतीत शिरते. गावाची यादी घ्या, घरोघर जा.

आणि दांडेकर मुळातून वाचा. १९८५ मध्ये त्यांनी त्याच नियतकालिकात आधीच्या वर्षांचा आढावा घेणारा दुसरा लेखही लिहिला, तो पहिल्याला लागूनच वाचा. वाचताना समासात प्रत्येक पानावर एकच प्रश्न लिहीत चला: इथं 'शेतकरी' म्हटलंय तेव्हा तो माणूस आहे, शेत आहे, की सरासरी? मी माझ्या प्रतीवर हे केलं तेव्हा तिसरं उत्तर सगळ्यात जास्त वेळा आलं. तुमचं काय येतं ते खाली कळवा. वेगळं आलं तर कुठल्या पानावर, तेही लिहा.